पुढच्या सेन्सरची चौकशी

बसमध्ये तिकिटं तपासण्यात ज्याची सगळी नोकरी गेली, त्याला निवृत्तीनंतर घरातली माणसंसुद्धा उतारूच दिसतात. तपासनीस (गल्लीत त्यांना अजून ह्याच नावानं ओळखत) बायकोकडेही अशा नजरेनं बघत, की तिनं एखाद्या दिवशी पर्समधून तिकीट काढून पुढे केलं असतं तर त्यांना नवल वाटलं नसतं.

त्यात जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि विझेना. शनिवारी धुराची तपासणी होती. दिवा असेल तर दाखला नाही, दाखला नाही तर रस्ता नाही, आणि ह्या वयाच्या गाडीला रस्ता सुटला की पुढचा मुक्काम भंगारवाल्याकडे. मुलीची पाठवणी, दोन ऑपरेशनं, तीन घरं बदलणं, सगळं ह्याच गाडीनं निभावलेलं. तपासनिसांचा जगात एकाच वस्तूवर विश्वास होता, ती ही.

"ऑक्सिजन सेन्सर गेलेत, दोन्ही," बायको म्हणाली. शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून तिनं उभा जन्म काढला होता; हातात पाना आला की तिला माहेरी आल्यासारखं वाटे. "मी घरीच बदलते. भाऊ पाठवतोय दुकानातून. पैसे नको म्हणाला."

तपासनिसांचे कान टवकारले. मेहुण्याचं सुट्या भागांचं दुकान होतं. दुकानदार मेहुणा आपण होऊन काही देतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. त्यात बायको फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं, "दिवा गेला की लगेच कळवते तुला."

"काय कळवणार आहेस त्याला?"

"दिवा गेला म्हणून."

"आणि?"

"आणि काय? गेला, एवढंच."

उघड होतं. गाडी ठणठणीत होणार बायकोच्या हातून आणि उभी राहणार मेहुण्याच्या दारात. बायकोनं सरळ उत्तर दिलं, ह्याचं तर त्यांना जास्तच भय वाटलं. सरळ उत्तर देणारा उतारू सगळ्यांत पक्का, हा त्यांचा अनुभव.

बुधवारी सकाळी बायकोनं गाडी लोखंडी स्टँडवर चढवली आणि जुनी सतरंजी अंथरून खाली सरकली. तपासनीस स्टूल घेऊन पहाऱ्याला बसले.

"दोन कशाला लागतात?" त्यांनी विचारलं.

"मध्ये धूर साफ करणारा डबा आहे," खालून आवाज आला. "पुढचा सेन्सर इंजिनाला सांगतो पेट्रोल किती घ्यायचं. मागचा नुसता बघत बसतो, डबा काम करतोय की नाही ते."

"नुसता बघत बसतो?"

"हो. तुमच्यासारखा."

ह्या मागच्या सेन्सरबद्दल तपासनिसांना एकदम आदर वाटला.

मागचा सेन्सर बसला. तेवढ्यात आत फोन वाजला आणि बायको हात पुसत गेली. तपासनिसांनी पुढच्या सेन्सरचा खोका उघडला. आट्यांवर करडं वंगण! नव्या कोऱ्या वस्तूला वंगण? कुठल्यातरी गाडीतून काढलेला माल मेहुण्यानं खोक्यात घालून बहिणीच्या गळ्यात मारला होता. खाली गंज असणारच. त्यांनी नळापाशी वाटीत रॉकेल ओतलं, जुन्या ब्रशनं आटे घासले, जाळीदार नाकाच्या भोकाभोकांतून रॉकेल खेळवलं. गंज निघाला नाही. गंजसुद्धा लपवलाय, म्हणजे काम सराईताचं आहे, असं ठरवून त्यांनी सेन्सर पुसून खोक्यात ठेवला. पुरावा वेळ आल्यावरच काढायचा असतो.

बायकोनं पुढचाही बसवला आणि दिवा विझला. गुरुवारी बाजारातून येताना पुन्हा लागला. बायकोनं स्टिअरिंगखाली छोटं यंत्र जोडून बघितलं. "मागचा छान चाललाय. पुढचा मेला."

"घे! भावाचा माल!"

भाऊ संध्याकाळी दुसरा सेन्सर घेऊनच आला. बसवलेला काढताना बायकोचा घाम निघाला. तो हातात घेऊन त्यानं उलटसुलट केला.

"ताई, आट्यांचं वंगण कुठे गेलं? कंपनीच लावून देते ते, जाम होऊ नये म्हणून. आणि हे नाक कशानं तरी धुतलंय, त्यानंच मेला हा."

बायको नळापाशी गेली, वाटी आणली आणि तपासनिसांच्या पुढ्यात ठेवली. तळाशी करडा गाळ, वर ब्रश.

तिकीट वाऱ्यानं उडालं, पोरानं गिळलं, दुसऱ्या शर्टात राहिलं: जन्मभर त्यांनी सगळ्या सबबी ऐकल्या होत्या. ऐन वेळी त्यांतली एक आठवेना.

"मला वाटलं," ते म्हणाले, "धूळ बसलीय."

"हो ना भाऊजी," मेहुणा लगेच म्हणाला. "दुकानात धूळ फार. होतं असं."

तपासनीस चपापले. इतक्या झटपट त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी तर कुणावरच नाही.

"पण दिवा गेला की तुला कळवायचं कशाला?" त्यांनी शेवटचा बाण सोडला.

"गेला नसता तर बदलून द्यायचा होता, भाऊजी. हा आणलाय तो त्यासाठीच."

उत्तराला कुठे भोक सापडेना. त्यांनी दोनदा चाचपून पाहिलं.

"अहो, गाडी दारात राहायला हवीय ना?" बायको सतरंजी झटकत म्हणाली. "मग हा बसेपर्यंत घरात बसा. आणि दार लावून घ्या. मागचा सेन्सर आहे बघायला."

ते आत बसले. खिडकीपाशी, पण आत.

शनिवारी तपासणी केंद्रातल्या माणसानं धुराच्या नळीत कांडी घातली, पडद्याकडे पाहिलं, शिक्का मारला आणि दाखला बायकोच्या हातात दिला. गाडी वाचली होती. तपासनिसांच्या छातीवरचं ओझं उतरलं. उतरलं आणि तिथं जागा रिकामी झाली.

"इतक्यात झालं?" ते केंद्राच्या खिडकीशी वाकले.

"झालं की, काका."

"नीट बघितलंत? जुनी गाडी आहे. मला वाटतं, पुन्हा एकदा..."

बायकोनं इंजिन चालू केलं. गाडी हळूच पुढे सरकली.

"अहो," ती काच खाली करून म्हणाली, "बसताय, की ह्यांच्याकडे चौकशीला ठेवून जाऊ?"

तपासनीस धावत जाऊन बसले. फाटक ओलांडेपर्यंत ते मान वळवून त्या माणसाकडे बघत होते. तो हसून हात हलवत होता, आणि तेच त्यांना खटकत होतं.