पान एक, एकूण दोन

मी एक जुना, प्लास्टिकमध्ये कडक केलेला कागद आहे. माझ्यामुळे दोन वर्षं अबोल राहिलेल्या दोन बायका अखेर एकमेकींशी बोलल्या आणि सगळ्यांनी चहा घेतला.

मित्रांनो, हे वरचं वाक्य तुम्ही वाचलेलंच नाही. चहा झालेला नाही. कोणी कोणाशी बोललेलं नाही. मी तर अजून छापलेलोसुद्धा नाही.

माझा जन्म अंधेरी पश्चिमेला, विकीच्या झेरॉक्सच्या दुकानात झाला. आज माझं वय चौदा महिने आहे. तुम्ही हसाल. पण मी माहितीपत्रकांच्या घराण्यातला. यंत्र कसं वागतं हे सांगणारे आम्ही कागद. यंत्र दर पंधरा दिवसांनी स्वभाव बदलतं, त्यामुळे आमच्यात चौदा महिने म्हणजे खापरपणजोबा.

मला लिहिलं चेतनाने. मासळी बाजारात तिसऱ्या ओट्यावर बसणाऱ्या प्रेमाची ही भाची. चेतनाला संगणकातलं सगळं कळायचं आणि माशातलं काहीच नाही, म्हणून घरात तिची सगळ्यांना काळजी. तिने आत्यासाठी एक डबी बनवली. प्रेमाकडे बटणांचा फोन, आणि हात दिवसभर खवल्यांनी भरलेले. तिने फक्त डबीपाशी वाकून बोलायचं. "आज सुरमई हाय, मांदेली हाय, बांगडा झकास हाय." डबी ते लिहून जाळ्यावर टाकायची आणि गिऱ्हाइकं घरबसल्या वाचायची.

हे जाळं म्हणजे एका मोठ्या कंपनीच्या बंगल्यात सगळ्यांनी भाड्याने राहायचं, असं नव्हे. इथे प्रत्येक वस्तीचं आपलं छोटं घर असतं आणि घराघरांत जाणं-येणं असतं. आमच्या बाजाराचं एक घर, मुलुंडच्या एका सोसायटीचं दुसरं. एका घरातल्या माणसाला दुसऱ्या घरातल्या माणसाला फॉलो करायचं असेल, तर आधी विनंती जाते. समोरचा दार उघडतो किंवा उघडत नाही. जे होईल त्याची बातमी त्याच क्षणी परत येते. ती ज्या खिडकीतून येते तिला चेतना एपीआय म्हणते. यंत्रांनी यंत्रांना हाका मारायची ती खिडकी. माणसांनी तिथे डोकावून उपयोग नसतो, म्हणून चेतनाने डबीवर तीन दिवे बसवले. आणि दिव्यांचा अर्थ सांगायला मी.

माझ्यावर लिहिलं आहे:

"फॉलोची ताजी बातमी. पिवळा दिवा: विनंती पोचली, समोरच्याने अजून दार उघडलेलं नाही, वाट पाहा. हिरवा दिवा: दार उघडलं. लाल दिवा: दार उघडणार नाही, कारण विचारू नका."

किती सुबक! स्वतःबद्दल बोलू नये, पण माझ्यात एकही काना-मात्रा चुकलेला नाही.

चेतनाला हैदराबादला नोकरी लागली. जाताना तिने विमानतळावरून विकीला मजकूर पाठवला आणि आत्याला फोन केला, "दोन पानं आहेत गं, दोन्ही कडक करून घे." प्रेमा दुकानात गेली तेव्हा विकीने दुसरं पान उलटसुलट करून पाहिलं.

"मावशी, यावर एकच ओळ आहे. एका ओळीसाठी एवढं प्लास्टिक? कासवं मरतात त्याने."

"मग राहू दे," प्रेमा म्हणाली. कोळ्याच्या बाईसमोर कासवाचं नाव काढल्यावर ती दुसरं काय म्हणणार?

अशा रीतीने मी कडक झालो आणि माझा धाकटा भाऊ मऊच राहिला. मला डबीखाली खिळ्यावर टांगलं. भावाची चार घड्यांची घडी घालून तिला तराजूच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवलं. तराजू सरळ झाला. मला भावाचा थोडा हेवा वाटला. एवढ्या लहान वयात त्याला एवढी वजनदार जागा मिळाली. त्याच्यावर काय लिहिलं आहे ते मला ठाऊक नव्हतं. मित्रांनो, दुसऱ्या पानावर काय आहे हे पहिल्या पानाला कधीच माहीत नसतं.

माझी पहिली वर्षं, म्हणजे महिने, सुखाचे गेले. बाजाराने बर्फवाल्याला फॉलो केलं, हिरवा. बोरिवलीच्या एका योगवर्गाला केलं, लाल. शेजारच्या ओट्यावरच्या सपनाने माझ्याकडे बोट दाखवून मोठ्याने वाचलं, "कारण विचारू नका," आणि मग योगवाल्याला तिथूनच असं काही ऐकवलं की गिऱ्हाइकाने कोळंबी न घेताच पळ काढला. पण माझा मान वाढला. भांडण झालं की बायका म्हणायच्या, "कागद काय म्हणतो बघ."

आता कमळबद्दल सांगतो. जे झालं ते तिच्यामुळे झालं, किंवा ओंडक्यामुळे.

प्रेमा आणि कमळ बावीस वर्षं शेजारी शेजारी बसल्या. एकीचा बर्फ संपला की दुसरी न विचारता ओंजळभर टाकायची. मग कमळचे गुडघे गेले आणि मुलाने तिला मुलुंडला नेलं. जाताना तिने आपला मासे कापायचा चिंचेचा ओंडका सपनाला दिला. प्रेमाला नाही. सपना तिच्या जागेवर नुकती आलेली पोर! प्रेमा काही बोलली नाही. म्हणजे खरंच काही बोलली नाही. निरोपाच्या दिवशीही नाही, नंतरही नाही. एका लाकडाच्या तुकड्यावरून दोन वर्षं.

मग एका सोमवारी सकाळी, ओटा धुऊन झाल्यावर, प्रेमा डबीशी वाकली. इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मुलुंडच्या कमळला फॉलो कर."

पिवळा दिवा लागला.

"आता?" सपनाने विचारलं.

"आता कागद म्हणतो वाट पाहा. बघायची."

"आणि हिरवा झाला तर?"

"तर बोलेन. दार उघडल्याशिवाय मी कोणाच्या घरात हाक मारत नाय."

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला बाजारात समारंभ होता. सपनाला हळदीकुंकवाच्या हाऊजीत विजेची किटली मिळाली होती, तिचं उद्घाटन होतं. रीतसर नारळ फुटला. बाजूच्या ओट्यांवरच्या सगळ्या बायका जमल्या. किटलीसाठी जागा हवी म्हणून सपनाने डबीचा प्लग काढला, किटलीचा लावला. सहा मिनिटांत चहा झाला. मग किटलीचा काढला, डबीचा लावला. दिवा पुन्हा पिवळा लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या किटलीसाठी होत्या.

पुढे पिवळाच.

दहा दिवस झाले, वीस झाले. प्रेमा मासा कापताना एक नजर कोयत्यावर ठेवायची आणि एक दिव्यावर. तिच्या डाव्या हाताच्या बोटाला दोनदा चिंधी बांधावी लागली. तिने हुकूम काढला, "हा पिवळा सुटेपर्यंत दुसऱ्या कोणाच्या मागे जायचं नाय." सपनाला बोरिवलीच्या एका पार्लरला फॉलो करायचं होतं. तिची वाट लागली.

"आत्या, मुलुंडला जाऊन विचारून येऊया ना सरळ!"

"माझे पाय कशाला जातील? तिचे हात मोडलेत का? एक बटण तर दाबायचं."

"लाल तरी लागला असता."

"लाल लागला असता तर बरं झालं असतं गो," प्रेमा म्हणाली आणि पापलेट एवढ्या जोरात आपटलं की ते माझ्यावर उडालं. "लाल म्हणजे नाय म्हणाली. हिला नाय पण म्हणवत नाय."

मित्रांनो, मी त्या वेळी फार विचार केला. माझ्यावर "वाट पाहा" असं ठाम लिहिलं होतं. किती वाट पाहा, ते लिहिलं नव्हतं. प्रेमा रोज मला वाचायची. अक्षर न् अक्षर पाठ झालं तरी वाचायची, जणू आज मी काही वेगळं म्हणेन. पण मी कडक कागद. मला वाकता येत नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी, सकाळी साडेदहाला, कमळ स्वतः आली. मुलुंडहून दोन बस बदलून, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून. ओट्यासमोर उभी राहिली आणि प्रेमाकडे न बघता बोंबलांकडे बघत म्हणाली, "कसे दिले?"

"मुलुंडला मिळत नाहीत?" प्रेमाने बोंबलांनाच विचारलं.

"मिळतात. ताजे नसतात."

सपना मधे उभी. ती दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

"मी काही कोणाला भेटायला आलेली नाही," कमळ म्हणाली. "एवढंच विचारायला आले की आधी माणसाच्या दाराची कडी वाजवायची, त्याने दार उघडलं की आत यायचं नाही, ही कुठली रीत?"

"कोणी उघडलं दार?"

"मी! तिसऱ्याच दिवशी! गुडघ्याला तेल लावत होते, अंगठा तेलकट, तीन वेळा दाबलं तेव्हा झालं. अडतीस दिवस दार उघडं टाकून बसलेय. रोज सकाळी तुझी यादी वाचते. सुरमई, बांगडा, मांदेली. शेवटी कुठेतरी 'कमळ, कशी आहेस' लिहिलं असेल म्हणून मांदेलीच्या पुढेपर्यंत वाचते. मांदेलीच्या पुढे काही नसतं!"

"खोटं बोलू नको!" प्रेमाने कोयता खाली ठेवला आणि माझ्याकडे हात केला. "तो बघ पिवळा! आणि हा कागद बघ, वाच! समोरच्याने दार उघडलेलं नाय. छापलेलं हाय!"

आयुष्यात पहिल्यांदा मला लाज वाटली. छापलेलं होतं खरं.

कमळने चष्मा काढला, पदराला पुसला, लावला. ती पूर्वी दुपारी दवाखान्यात केसपेपर लिहायची. कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची तिची सवय. तिने मला वरून खाली वाचलं. तीन दिवे वाचले. मग अगदी तळाला, जिथे चौदा महिन्यांत कोणाची नजर गेली नव्हती, तिथे आली.

"पान एक, एकूण दोन," ती म्हणाली. "दुसरं कुठंय?"

बर्फ वितळल्याचा आवाज येत होता.

"एकच ओळ होती," प्रेमा पुटपुटली. "कासवं मरतात."

"काय?"

प्रेमाने पदराला हात पुसले. खाली वाकून तराजूच्या पायाखालून घडी ओढली. तराजू कलला. घडी मासळीच्या पाण्याने पापडासारखी झाली होती. कमळने ती नखाने एकेक पदर सोडवत उघडली, जसा जुना गजरा सोडवावा. आणि मी माझ्या भावाचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. त्याच्यावर लिहिलं होतं:

"प्लग निघाला तर तेवढ्या वेळात आलेली बातमी डबीला कळत नाही आणि पुन्हा कोणी सांगत नाही, डबी शेवटी ऐकलेलंच धरून बसते, म्हणून प्लग लावल्यावर बाजूचं काळं बटण दाबून एकदा विचारून घ्या."

सगळ्यांनी डबीकडे पाहिलं. काळं बटण होतं. त्याला सपनाची पिशवी अडकवलेली होती.

"तू कधी दाबलंस दार उघडायचं?" सपनाने अगदी बारीक आवाजात विचारलं.

"बुधवारी. अकरा वाजून गेले होते."

सपनाने किटलीकडे पाहिलं. मग सगळ्यांनी किटलीकडे पाहिलं. किटली काही बोलली नाही.

प्रेमाने पिशवी काढली आणि ओल्या अंगठ्याने काळं बटण दाबलं. पिवळा विझला. क्षणभर काहीच नव्हतं. मग हिरवा लागला, साधा, जसा अडतीस दिवसांपूर्वी लागायला हवा होता.

कमळ दोन हातांच्या अंतरावर उभी होती. प्रेमा तिच्याशी बोलली नाही. ती डबीशी वाकली आणि म्हणाली, "कमळ, कशी हायस गो?"

ते शब्द अंधेरीहून मुलुंडला गेले, सोसायटीच्या घरात नोंदले गेले, तिथून परत अंधेरीला आले, आणि कमळच्या पिशवीत फोन वाजला. तिने फोन बाहेर काढला, चष्मा सारखा केला, वाचलं. मग एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं.

"काय लिहिलंस?" प्रेमाने विचारलं.

"तुला फोन घ्यायला सांग भाचीला. मग कळेल."

"सांग ना गो!"

"लिहिलंय, गुडघे सोडून बरी आहे. आणि तुझ्याकडे दोन ओंडके होते, पोरीकडे एकही नव्हता, म्हणून तिला दिला. एवढं कळायला दिवा लागतो का?"

"मग तेव्हाच सांगायचंस!"

"तू विचारलंस?"

सपनाने डबीला हात न लावता, लांबच्या प्लगवर, किटली लावली. सगळ्यांनी चहा घेतला. हे तुम्ही आधी वाचलेलं नाही.

आता मी सुखी आहे. भावाचे शब्द सपनाने मार्करने माझ्या प्लास्टिकवर उतरवले. संध्याकाळी ओटा धुताना ते पुसले जातात, म्हणून ती रोज सकाळी पुन्हा लिहिते. ही तिची शिक्षा आहे. अक्षर सुधारत चाललं आहे. तराजूखाली आता विकीच्या लग्नाची पत्रिका आहे. यादीत मांदेलीच्या पुढे रोज एक ओळ असते, ती मी सांगणार नाही. भाऊ माझ्या मागे, त्याच खिळ्यावर विसावला आहे. मित्रांनो, कागदाची काळजी घ्या. त्याला कडक करा किंवा करू नका, पण तळापर्यंत वाचा.

एवढं बोलून मी पुढील अर्ज सादर करतो.

प्रति, जगातील सर्व छापखाने, झेरॉक्सची दुकाने व यंत्रांची माहिती लिहिणारे यांस.

विषय: पानांच्या क्रमात बदल होणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, दुसऱ्या पानावरील एक ओळ वेळेवर न वाचल्यामुळे दोन मैत्रिणींचे अडतीस दिवस वाया गेले. सबब, यापुढे प्रत्येक दुसरे पान पहिल्या पानाच्या आधी छापण्यात यावे व तशी अंमलबजावणी मागील तारखेपासून करण्यात यावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
पान १ (एकूण २)