लटारू भोयर, वार्ताहर

मनकर्णाने 'भयंकर' हा शब्द खोडला आणि वाक्य पुन्हा वाचून पाहिलं. वाघ होता तसाच राहिला. मग तिने 'बिचाऱ्या' खोडला. त्याने बुधूचंही काही बिघडलं नाही. बैल गेला होता तो गेलाच होता. उरलेली ओळ अशी झाली: 'कोसंबटोला येथील बुधू आत्राम यांचा बैल सोमवारी सकाळी नाल्याकाठी वाघाने मारला.' कोण, काय, कुठे, केव्हा, सगळं एका दमात. चांद्याच्या संपादकांना असंच लागायचं.

दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तिने कागदाच्या तळाशी नेहमीसारखी सही केली: लटारू भोयर, वार्ताहर.

लटारू तिचा नवरा. तो आश्विनात हिवतापाने गेला होता आणि आता फाल्गुनात मोहाची फुलं पडायला लागली होती.

लटारूचं हे किराणा दुकान गावात एकुलतं एक. मीठ-मिरची विकून उरलेल्या वेळात तो चांद्याच्या एका साप्ताहिकाला गावाकडच्या बातम्या पाठवायचा. खरं म्हणजे बातम्या पाठवून उरलेल्या वेळात मीठ-मिरची विकायचा. त्याच्या बातमीत पाऊस कधी नुसता पडला नाही, आभाळ फाटूनच पडला. म्हातारं माणूस मेलं तर 'क्रूर काळाने घाला घातला', आणि गावच्या विहिरीचा काठ ढासळला तर 'हाय हाय' दोनदा. लिहून झालं की तो मनकर्णाला वाचून दाखवायचा. ती तांदूळ निवडत ऐकायची आणि चांगलं झालं म्हणायची. त्याचं अक्षर कुणाला लागत नसे, म्हणून कागद पुन्हा नीट उतरवून काढायचं काम तिचंच. ती वरोऱ्याला चौथीपर्यंत शिकली होती.

साप्ताहिकाचे संपादक पिंपळशेंडे प्रत्येक कागद लाल पेन्सिलीने रंगवून अंकासोबत परत पाठवत. वार्ताहर शिकावेत ही त्यांची कळकळ. लटारू तो कागद बघून चिडायचा, या माणसाले भाषेची कदरच नाई म्हणायचा, आणि पुढची बातमी पहिलीपेक्षा जास्त नटवून पाठवायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

त्याची तेरवी झाली तसे पाहुणे गेले. वरोऱ्याच्या मुखरूने, म्हणजे तिच्या दिराने, आमच्याकडे चल म्हणून एकदा म्हटलं. धान निघू दे, मग पाहू, असं ती म्हणाली. तो दुसऱ्यांदा म्हणाला नाही. मूलबाळ नव्हतं. बायका दुकानात यायच्या, मीठ घ्यायच्या आणि निघायच्या. लटारूचं नाव तिच्यासमोर काढायचं गावाने सोडून दिलं होतं, तिला वाईट वाटू नये म्हणून. तिला वाईट याचंच वाटत होतं.

अशात एक दिवस गडचिरोलीहून डाक आणणारा कोलू अंक देऊन गेला. वरच्या कागदी पट्टीवर नाव होतं, श्री. लटारू भोयर. आत लाल अक्षरात चिठ्ठी होती: 'बरेच दिवस बातमी नाही. आजारी आहात काय?'

खरं तर तेव्हाच एक पोस्टकार्ड टाकून द्यायचं होतं. मनकर्णाने कार्ड समोर घेतलंही. पण तिच्या मनात आलं, साऱ्या दुनियेत चांद्याचं ते एक ऑफिस तेवढं असं आहे, जिथे तो अजून जिवंत आहे. तिथेही आपल्याच हाताने त्याला मारायचं? तिने कार्ड ठेवून दिलं आणि अवकाळी पावसाने नाल्यावरचा लाकडी पूल वाहून गेल्याची बातमी लिहिली. दोनदा 'हाय हाय' घातलं, म्हणजे शंका यायला नको.

कागद परत आला तो लालेलाल होऊन. 'पूल वाहून गेला म्हटल्यावर हाय हाय वाचणारा म्हणेल. तुम्ही कशाला?' आणि खाली: 'काही गावांचा संपर्क तुटला म्हणता. काही म्हणजे कोणती? स्वतः जाऊन पाहिलंत, की दुकानात बसून ऐकलंत?'

दुकानात बसून ऐकलं होतं. मनकर्णाला लाज वाटली. मग तिला वाटलं, कितीतरी दिवसांनी आपल्याला कुणीतरी काही विचारलं.

पुढच्या खेपेला ती स्वतः गेली. दुकान बंद करून नाल्यापर्यंत चालत गेली, पलीकडच्या माणसांना हाक मारून कोणकोणत्या गावची वाट बंद आहे ते विचारलं. घराबाहेर पडायला तिला एरवी कारण नव्हतं, आता मिळालं. त्यानंतर गावात काही झालं की ती जायची. लोकांना आधी नवल वाटलं, मग सवय झाली. विचारलं तेवढं सांगायचे आणि आपापल्या कामाला लागायचे.

बुधूचा बैल पाहायला ती गावाच्या रानातल्या टोल्यावर, चार घरांच्या वस्तीवर, गेली तेव्हा बुधूची बायको सुकरी अंगणात बसली होती. तिने मनकर्णाला बसायला खाट दिली.

"कोनी नाई आलं पाहाले. तूच आली," सुकरी म्हणाली. "त्याचं नाव पांढऱ्या होतं. लिव."

मनकर्णाने लिहिलं. चांद्याहून शेरा आला की नाव मालकाचं पुरे, बैलाचं नको. बाकी बातमी ठीक.

'ठीक' हा शब्द तिने त्यांच्याकडून पहिल्यांदाच पाहिला होता. त्या दिवशी तिने स्वतःसाठी भाजीला फोडणी घातली. एकटीसाठी म्हणून ती हल्ली घालत नसे.

आणि मग होळीनंतरच्या अंकात लांब चिठ्ठी आली. 'लटारूभाऊ, इतकी वर्षं सांगत होतो ते अखेर तुमच्या अंगी उतरलं. गेल्या काही खेपांत तुमच्या कागदावर पेन्सिल लावायला जागा राहिली नाही. वैशाखात आपल्या साप्ताहिकाचा वाढदिवस आहे, सगळे वार्ताहर चांद्याला येतील. तुमचा सत्कार करायचा आहे. यावं.'

मनकर्णाने चिठ्ठी दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा तिला इतका आनंद झाला की कुणाला तरी दाखवावी म्हणून ती दारापर्यंत आली. रस्त्यावर कुणी नव्हतं. परत येऊन दुसऱ्यांदा वाचली तेव्हा तिने ती मिटून ठेवली. सत्कार लटारूचा होता, आणि तो लटारू राहिला नाही म्हणून होता. ज्या शब्दांवर त्याने जीव टाकला ते एकेक करून तिनेच काढून टाकले होते. आभाळ फाटणं गेलं, क्रूर काळ गेला, हाय हाय गेलं. चांद्याला तो जिवंत राहावा म्हणून लिहायला बसली, आणि तिथूनही त्याला थोडा थोडा पुसत आली.

आता सांगावं लागणार होतं. सांगितलं की अंक बंद होणार, चिठ्ठ्या बंद होणार, कोलू दारावरून तसाच पुढे जाणार. हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही मेलेल्या माणसाच्या सत्काराला चांद्याचे लोक हार आणून ठेवतील, हे काही तिला बघवेना.

तिने पहिला कागद लटारूसारखा लिहिला. क्रूर काळाने घाला घातला, गाव पोरकं झालं, डोळ्यांचं पाणी खळेना. त्याला आवडलं असतं. तिने तो कागद मोठ्याने वाचून काढला आणि फाडला. डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं हे खरंच होतं, पण ते गावाचं नव्हतं.

दुसरा कागद असा झाला: 'कोसंबटोला येथील आमचे वार्ताहर लटारू भोयर यांचे आश्विन वद्य चतुर्थीस राहत्या घरी हिवतापाने निधन झाले. ते किराणा दुकान चालवीत. गावची विहीर व पाऊसपाणी यांविषयी त्यांनी वेळोवेळी लिहिले होते. त्यांच्या मागे पत्नी आहे.'

शेवटच्या ओळीवर ती थांबली. पिंपळशेंड्यांनी एकदा समजावून लिहिलं होतं, की जागा कमी पडली की मी बातमी खालून कापतो, म्हणून महत्त्वाचं असेल ते वर घ्यावं आणि गेलं तरी चालेल ते तळाशी. ती ओळ तळाशी होती. दुसरीकडे कुठे बसतही नव्हती. मनकर्णा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिनेच ती खोडून टाकली.

सहीला सगळ्यात जास्त वेळ लागला. शेवटी तिने लिहिलं, मनकर्णा लटारू भोयर. कोलू आल्यावर कागद त्याच्या हातात दिला आणि आत निघून गेली, परत मागून घ्यावासा वाटेल म्हणून.

पुढच्या खेपेला कोलूकडे अंक नव्हता. त्याच्या पुढच्या खेपेलाही नव्हता. मनकर्णाने विचारायचं सोडून दिलं. मुखरूला पत्र टाकावं, दुकानातला माल संपेल तेवढा संपवावा आणि वरोऱ्याला जाऊन दिराच्या चुलीपुढे बसावं, असं ती मनाशी ठरवत होती. तशात एका सकाळी कोलूने दारातूनच अंक पुढे केला आणि पाणी मागितलं.

तो पाणी पिऊन जाईपर्यंत तिने अंक उघडला नाही. मग उघडला. पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत शोधलं. लटारूची बातमी कुठेच नव्हती. तिचा कागद मात्र आत घडी करून ठेवला होता, आणि तो लाल होता.

'मनकर्णाबाई, आश्विनातली बातमी तुम्ही चैत्रात पाठवता. सहा महिने मी मेलेल्या माणसाला शिकवत बसलो. वार्ताहराने बातमी दडवू नये. या अंकात छापली नाही, कारण ती अपुरी आहे. वय कुठे आहे? मृत्यूच्या बातमीत वय लागतंच. आणि पत्नी आहे ही ओळ कुणाला विचारून खोडली? खालून कापायचं काम माझं आहे, तुमचं नाही. दोन्ही भरून कागद परत पाठवा. मोहाच्या बाजाराची बातमी अजून आली नाही, तीही पाठवा.'

मनकर्णा पोत्यावर बसली. हसू आलं की रडू आलं हे तिचं तिलाही कळलं नाही, पण पदर ओला झाला. तिने पेन्सिल घेतली, खोडलेली ओळ पुन्हा नीट लिहिली आणि मग वय लिहायला वरच्या ओळीवर आली.

वय तिला माहीत नव्हतं. एवढा संसार झाला, त्याला दही चालत नाही, वीज कडाडली की तो आत येऊन बसतो, उजव्या कुशीवर झोपला की घोरतो, सगळं ठाऊक होतं. पण तो किती वर्षांचा आहे हे तिने कधी विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं. तिच्यापेक्षा मोठा होता, एवढं पुरत होतं. अंदाजाने एक आकडा टाकावा असं तिच्या मनात आलं. पण अंदाज चांद्याला चालत नसे.

तिने दुकानाला कडी घातली आणि वारलूकडे गेली. वारलू गावातला सगळ्यात म्हातारा माणूस. तो कडुनिंबाखाली अंबाडीचा दोर वळत बसला होता.

"वारलूभाऊ, आमच्या घरचे कोन्या साली झाले?" तिने विचारलं.

म्हाताऱ्याचे हात थांबले. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे.

"लटारू?"

"हो."

"काऊन विचारते?"

"पेपरात छापाले लागते."

वारलूने दोर मांडीवर ठेवला. ते साल त्याच्या डोक्यात आकड्याने नव्हतं, बांबूने होतं. रानभर बांबूला फूल आलं होतं त्या साली, तो सांगू लागला. फूल आलं की बांबू मरतो. डोंगरच्या डोंगर वाळून उभे होते, उंदरांनी उच्छाद मांडला होता, आणि लोक बांबूचे दाणे शिजवून खात होते. त्याच पावसाळ्यात लटारूच्या मायला दिवस गेले आणि होळीच्या आसपास हे पोर झालं.

मनकर्णाने कागदाच्या कडेला लिहून घेतलं. बांबू फुलल्याचं साल फॉरेस्टच्या नाक्यावर नक्की मिळालं असतं. पुढे वजाबाकी तेवढी राहत होती. तिचं काम झालं होतं. ती उठायला लागली.

"लहानपनापासून तसाच होता तो," वारलू म्हणाला. "कोनाची कोंबडी मेली तरी गावभर सांगत फिरे. अन् सांगताना कोंबडीची बकरी करे."

मनकर्णा पुन्हा खाली बसली. वारलूने मग त्या कोंबडीचं सांगितलं. एकदा मोहावर चढून वाघ आला म्हणून लटारूने सारं गाव कसं पळवलं तेही सांगितलं. वाघ नव्हता, पाटलाचं वासरू होतं. सांगता सांगता म्हातारा मध्येच थांबला आणि तिच्या हातातल्या कागदाकडे बघू लागला. पेन्सिल कधीची थांबली होती.

"हे सारं छापून येते का?"

"नाई भाऊ. हे नाई येत."

"मंग काऊन आयकून राह्यली?"

मनकर्णाने कागदाची घडी केली आणि कमरेला खोचली.

"तुमी सांगा," ती म्हणाली.