टिटवीचं चार्जिंग

पंचनाम्यात अकरा वस्तू होत्या. विहिरीतला गाळ वर ओढायची यारी एक, तिचा तारेचा दोर एक, टिकाव एक, फावडी दोन, घमेली तीन, चपलांचा जोड एक, पाण्याची कळशी एक आणि नायलॉनच्या दोरीला बांधलेलं मुठीएवढं पिवळं यंत्र एक, बंद अवस्थेत. पंच म्हणून खाली माझी सही आहे. रविराज, ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक.

विहीर अठ्ठावन्न फूट खोल, तळाला दीड फूट पाणी आणि गाळ. गाळ काढणारा छगन शुक्रवारी सकाळी सात चाळीसला यारीतून खाली उतरला. खाली पोचल्यावर त्यानं एकदा दोर हलवला, मग तो गाळातच बसला. वरच्यांना वाटलं, तंबाखू मळतोय. त्याचा जोडीदार अजिनाथ यानं चार हाका मारल्या, उत्तर आलं नाही, म्हणून तो स्वतः उतरू लागला. वीस फुटांवर त्याचे हातपाय गळाले आणि त्याला वर ओढून घ्यावं लागलं. छगनला वर काढायला दुपार झाली. तीन वाजता तालुक्याहून आलेल्या पथकानं आपलं यंत्र सोडून तळातल्या हवेतला ऑक्सिजन मोजला. तो ९.६ टक्के भरला. आपल्या भोवतीच्या हवेत तो २०.९ असतो.

आमचं पिवळं यंत्रही हेच मोजायचं. पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेनं ते गावाला दिलं होतं. ऑक्सिजन १९.५ च्या खाली गेला की ते कर्कश ओरडायचं, म्हणून गावानं त्याचं नाव टिटवी ठेवलं. ते ग्रामपंचायतीत माझ्या ताब्यात असे. छगन दर हंगामाला कोल्हारच्या बाजूला ऊसतोडीला जायचा आणि एप्रिलात परतला की पावसाळ्यापर्यंत विहिरींचा गाळ काढायचा. टिटवी न्यायला बहुतेक वेळा तोच यायचा.

"काय सायन्सवाले, घातलं का अंडं टिटवीनं?" तो दारातूनच विचारायचा.

"घातलं की कळवतो. दोरी भिजवून आणू नको."

"भिजली तर वाळंल. आमची मनकर्णा तर तिला पदरानं पुसती. मला पुसत न्हाई इतकी."

या यंत्राबद्दल एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी आहे हेच मला कधी सुचलं नाही. हवा चांगली असेल तर टिटवी गप्प राहते. बॅटरी संपली तरीही गप्पच राहते. त्या शुक्रवारी अजिनाथनं बटण दाबलं तेव्हा ती एकदा वाजली, पडद्यावर आकडे आले, म्हणून त्यानं ती दोरीला बांधून खाली सोडली. दोन मिनिटं सगळे कान देऊन थांबले. "वरडली न्हाई, म्हंजे खाली बरं हाय," असं छगनच म्हणाला आणि यारीत बसला. टिटवी वर घेताना पडद्याकडे कुणी पाहिलं नाही. तो काळा होता.

मंगळवारी दुसऱ्या एका विहिरीवरून ती परत आली, तेव्हा बॅटरीच्या चार रेघांपैकी एक उरली होती. बुधवारी दिवसभर गावात वीज नव्हती. गुरुवारी मी दाखल्यांच्या कामात होतो आणि संध्याकाळी मला नगरला निघायचं होतं, शुक्रवारी तिथे माझी परीक्षा होती; परतलो तो पंचनाम्याच्या वेळीच. टिटवी पूर्ण भरायला चार तास लागतात. मोबाईलच्या चार्जरला ती लावू नये, संगणकाच्या यूएसबी पोर्टलाच लावावी, असं पुस्तिकेत छापलेलं आहे. म्हणून निघताना मी ती संगणकाला लावली. तिचा लाल दिवा लागला. मग मी संगणक बंद व्हायला सांगितला आणि पडदा काळा होण्याआधी कुलूप शिपाई कडूमावशींच्या हातात देऊन बाहेर पडलो. सहाची एसटी फाट्यावर उभी होती.

संगणक बंद असताना ती रात्रभर चार्ज होईल, याची मला खात्री होती. कारण मी ते पाहिलं होतं. आमचा संगणक बंद केला तरी माउसच्या पोटातला लाल दिवा जळत राहतो. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी दोन दिवस त्याच्याच मागे होतो. संगणकाचं चालू करायचं बटण खोलीतल्या दिव्याच्या बटणासारखं नसतं. ते वीज तोडत नाही, ते फक्त आत निरोप देतं. तो निरोप घ्यायला आत काहीतरी जागं लागतं. म्हणून भिंतीवरचं बटण चालू आहे तोवर आतला वीजपुरवठ्याचा डबा पाच व्होल्टची एक लहानशी धार कायम सोडून ठेवतो. त्याच धारेवर माउस जळतो.

हे मी कडूमावशींना समजावलं होतं. त्या कार्यालय झाडतात, कुलूप-किल्ली सांभाळतात. छगनच्या त्या चुलती. त्याची आई लवकर गेली, तेव्हा त्यांनीच त्याला वाढवलं. माझं बोलणं संपल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "म्हंजे घर झोपलं तरी दारात राखनदार बसवलाय म्हन की."

पण सरपंच श्रीमंत आबांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की रात्री काही जळत राहता कामा नये. त्यामुळे रोज कुलूप लावण्याआधी त्या भिंतीवरचं बटण बंद करत. गुरुवारी मी निघताना म्हणालो होतो, "मावशी, आज बटण राहू द्या, टिटवी लावलीय." शुक्रवारी सकाळी अजिनाथ टिटवी घ्यायला आला तेव्हा बटण बंद होतं. ते त्यानं पाहिलं आणि नंतर सगळ्या गावानं ऐकलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी श्रीमंत आबांनी दोघींना कार्यालयात बोलावलं. छगनच्या बायकोला, मनकर्णावहिनींना, मृत्यूच्या दाखल्यासाठी आणि कडूमावशींना जबाबावर अंगठा द्यायला. वहिनी खुर्चीवर बसल्या. मावशी उंबऱ्यापाशी, बाहेरच्या बाजूला. वहिनींनी मावशींचं गाठोडं घराबाहेर ठेवल्याला बारा दिवस झाले होते. तेव्हापासून मावशी मारुतीच्या पारावर झोपत होत्या आणि कुणी दिलं तर खात होत्या.

आबांनी माझ्याकडून गटविकास अधिकाऱ्यांसाठी खुलासा लिहून घेतला होता. 'शिपाई महिलेने सूचना देऊनही मुख्य बटण बंद केल्यामुळे यंत्र चार्ज झाले नाही.' ते वाक्य मीच टाईप केलं होतं आणि मला ते खरं वाटत होतं. खरं सांगायचं तर ते टाईप करताना मला हलकं वाटलं होतं. खुलाशाला आकड्यांचा आधार असावा म्हणून मी मल्टिमीटर आणला होता. एक जुनी केबल कापून तिच्या लाल आणि काळ्या तारा मोकळ्या केल्या होत्या.

मी संगणक बंद केला. भिंतीवरचं बटण चालू ठेवलं. माउस काढून त्याच्या जागी, मागच्या पोर्टात, केबल घातली. मीटरवर ५.०४ आले. मग भिंतीवरचं बटण बंद केलं. आकडा उतरत उतरत शून्यावर आला.

"झालं का सिद्ध?" आबा म्हणाले. "लिही आकडं. कडूबाई, हिकडं ये, अंगठा दे."

मावशी उठल्या नाहीत. वहिनी त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "पोटच्यावानी वाढवला म्हनं. एक बटन ऱ्हावू दिलं न्हाई."

"मला ध्यानात हुतं बटनाचं," मावशी म्हणाल्या.

"ध्यानात हुतं आन् तरी दाबलं?"

"टिटवी भरली हुती म्हनून दाबलं. रवी, तूच सांगितलं हुतं ना, भरली की तिचा दिवा जातो? मी झाडायला वाकले तवा दिवा न्हवता. उंदराचा जळत हुता, हिचा न्हवता. म्हनलं हिचं पोट भरलंय, आता कशाला जाळायचं. मग दाबलं."

मी विचारलं, "किती वाजता वाकलात?"

"तू गेलास आन् मी झाडू घेतला. तुझी गाडी बी हालली न्हवती. हारन ऐकू आला."

चार तासांचं काम पाच मिनिटांत झालं, असं त्यांना वाटलं होतं. त्यांच्याकडे घड्याळ नाही आणि चार तास हा आकडा मी त्यांना सांगितला नव्हता. पण दिवा नव्हता, आणि बटण तेव्हा चालू होतं. माउस जळत होता.

"हे आधी का नाही सांगितलं?" मी म्हणालो.

"इचारलं कुनी? बटन बंद केलं का, इतकंच इचारलं. केलं हुतं, म्हनून व्हय म्हनले."

"हे बघ," आबा मला म्हणाले, "म्हातारी आता कायबी सांगंल. खुलासा तयार हाय. सही कर आन् धाड."

"एक आकडा राहिलाय, आबा."

"कसला आकडा? आत्ता मोजलं ना आमच्या म्होरं?"

"मागचं मोजलं. टिटवी मी पुढच्या पोर्टात लावली होती. मागे हात घालायला टेबल ओढावं लागतं, आणि मला घाई होती. एरवी ती दिवसा, संगणक चालू असताना लावायचो, तेव्हा पुढचंच वापरायचो."

"पुढचं काय, मागचं काय. एकाच डब्याची भोकं."

"मलाही तसंच वाटलं होतं. पण मी दिवा फक्त मागच्या एका भोकात पाहिलाय. जुन्या संगणकांत काही पोर्ट जाग्या धारेवर असतात, काही नसतात. बनवणाऱ्यानं जसं जोडलं असेल तसं."

मनकर्णावहिनींनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "भाऊ, मला कळंल असं सांगा. म्हातारीनं मारलं का न्हाई?"

"वहिनी, आता मी पुढच्या पोर्टात मोजणार. संगणक बंद, भिंतीवरचं बटण चालू, गुरुवारी मी निघालो तेव्हा होतं तसं. पाच व्होल्ट आले तर मावशींनी बटण बंद केलं म्हणून टिटवी उपाशी राहिली. नाही आले, तर मावशींनी रात्रभर बटणाला हात लावला नसता तरी ती चार्ज झालीच नसती."

"मंग चूक कुनाची?"

"लावणाऱ्याची. दिवा राहतो की जातो हे बघायला तो वीस सेकंद थांबला नाही."

"मोजा," वहिनी म्हणाल्या.

मी भिंतीवरचं बटण चालू केलं. संगणक सुरू केला, पूर्ण चालू होऊ दिला आणि पुढच्या पोर्टात केबल घातली. मीटरवर ५.०१ आले, म्हणजे पोर्ट धड होतं. मग संगणक बंद केला. पडदा काळा झाला, पंखा थांबला. माउस मी परत मागे लावला होता, त्याचा दिवा जळत होता. मावशी उठून आत आल्या आणि वहिनींच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. वहिनींनी त्यांना बाहेर जायला सांगितलं नाही.

आकडा स्थिर होईपर्यंत मी एक मिनिट थांबलो.

पुढचं पोर्ट, संगणक बंद, मुख्य बटण चालू: ०.०२ व्होल्ट.