उजेड पाहून लावलेलं घर

विमलबाईला घरं दिसायची. झोपेत नव्हे, चांगली जागेपणी. तुरीत निंदताना विळा थांबायचा आणि डोळ्यांपुढं एखादी खोली येऊन उभी राहायची. कुठल्या कोपऱ्यात उजेड सांडलाय, कुठं सावली बसलीये, भिंतीपाशी काय हवं अन् काय नको, सगळं ती निवांत पाहून घ्यायची. शेजारच्या ओळीतली बाई ओरडायची, "विमल, तास मागं राह्यला वं तुहा!" तेव्हा कुठं ती परत तुरीत यायची.

इंझोरीच्या बौद्धपुऱ्यात तिचं दोन खोल्यांचं मातीचं घर. नवरा इंद्रभान मंगरूळपीरला तहसिलीत चपराशी. सकाळच्या बसनं जायचा, संध्याकाळी परतायचा, आणि बायकोनं सांगितलेलं काहीबाही बसच्या टपावर टाकून आणायचा. संत्र्यांच्या रिकाम्या पेट्या, औषधाच्या निळ्या बाटल्या, एकदा तर प्लास्टिकच्या दोरीनं विणलेली लोखंडी खुर्ची, तीही एक पाय आखूड असलेली. कंडक्टर विचारायचा, "इंद्रभान, दुकान टाकून राह्यला काय गा?" इंद्रभान नुसता हसायचा. ह्याचं पुढं काय होणार, ते त्यालाही ठाऊक नसायचं. पण पेट्या एकावर एक चढायच्या आणि त्यांची मांडणी व्हायची. बाटल्या खिडकीत ओळीनं बसायच्या. मग दुपार कलली की चुन्यानं पोतारलेल्या भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीखाली, निळं पाणी संथ हलल्यासारखं दिसायचं.

शहात्तर साली पोळा होऊन गेल्यावर ग्रामसेविकेनं महिला मंडळाची बैठक ह्याच घरात घेतली. मंडळाच्या अध्यक्ष रंगूबाई, म्हणजे गावातले मोठे शेतकरी रामराव पाटील यांच्या पत्नी. ह्या पुऱ्यात त्यांचं पाऊल कधी पडलं नव्हतं. उंबऱ्यापाशी उभ्या उभ्या बैठक उरकून निघू, अशा बेतानं त्या आल्या होत्या. ग्रामसेविका बोलत राहिली. ऊन कललं. भिंतीवरचं निळं पाणी हलू लागलं. रंगूबाई कधी आत आल्या, कधी खाली बसल्या, कधी त्यांनी पेट्यांना पाठ टेकली, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. बैठक संपली, बायका उठल्या, आणि पाहतात तर अध्यक्षबाई झोपलेल्या.

विमलबाईनं सगळ्यांना खुणेनंच बाहेर काढलं. दार अर्धं लोटलं. अंगणातल्या कोंबड्या हुसकल्या. चुलीपाशी भांडंसुद्धा वाजू दिलं नाही.

रंगूबाई जाग्या झाल्या तेव्हा उन्हं अंगणाच्या पार टोकाला गेली होती. त्या दचकून पदर सावरत उठल्या.

"किती वेळ झाला वं?"

"झाला असन तासभर."

रंगूबाईंनी भिंतीकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं, आणि निघून गेल्या.

तीन दिवसांनी त्या परत आल्या. एकट्याच, भर दुपारी. अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "विमल, तीन महिने झाले, मले झोप नाई. पाटलानं जुनं घर पाडून सिमिटाचं बांधलं. अकोल्याहून सोफा आनला, शोकेस आनलं, लोखंडी कपाट आनलं. गाव येऊन पाहून जाते. पन माह्याच घरात मी पाव्हनी वं. रातभर डोये उघडे. इथी मले झोप कशी लागली, ते सांग."

"मी काय सांगू? घर पाह्यल्याबिगर नाई सांगता येत."

"मंग ये पाह्याले."

विमलबाईच्या हातात सूप होतं. ते तिनं खाली ठेवलं. "येतो. पन समोरच्या दारातून येईन, बाई. पाव्हना जिकून येते तिकूनच घर पाहा लागते. मांगच्या दारातून पाह्यलं तर घराची नुसती पाठ दिसते."

दोघींनाही ठाऊक होतं, ही गोष्ट नुसत्या घर पाहण्याची नव्हती. पाटलाच्या घरी पुऱ्यातली माणसं मागच्या अंगणापर्यंत जात, तिथूनच धान्य घेत, तिथूनच वळत. रंगूबाई बराच वेळ सुपातल्या डाळीकडं पाहत राहिल्या.

"उद्या पाटील वाशीमले जाऊन राह्यले, चार दिस," त्या शेवटी म्हणाल्या. "समोरूनच ये."

दुसऱ्या दिवशी विमलबाई धुतलेलं लुगडं नेसून समोरच्या दारानं आत गेली. ओसरीवर ज्वारीची पोती लावत असलेला सालदार भाऊसिंग तिच्याकडं पाहतच राहिला. ती बैठकीत मधोमध जमिनीवर बसली आणि दिवसभर तिथंच बसून राहिली. रंगूबाईंना वाटलं होतं, ही काही सांगेल, काही मोजेल. ही तर नुसती ऊन पाहत होती. कवडसा सरकला की ती सरकायची. दर थोड्या वेळानं डोळे मिटायची.

सोफ्यावरचं प्लास्टिक काढलेलंच नव्हतं, कुणी बसलं की ते करकरायचं. शोकेसात बारा बाहुल्या एका रांगेत उभ्या होत्या, शाळेतल्या पोरींना शिक्षा केल्यासारख्या. भिंतीवर पाच कॅलेंडरं. आतल्या खोलीत पलंग, आणि पलंगाच्या उशाशी भिंतभर लोखंडी कपाट. विमलबाईनं त्या कपाटाच्या मागं हात घातला. हाताला गार लाकूड लागलं.

"ह्याच्या मांगं खिडकी हाये?"

"हाये ना. कपाटाले दुसरी जागाच नव्हती."

"खिडकीतून काय दिसते?"

रंगूबाईंनी कपाटाकडं पाहिलं. त्यांनी त्या खिडकीतून अजून पाहिलंच नव्हतं.

भाऊसिंगनं आणखी दोन गडी आणून कपाट हलवलं. खिडकी उघडली तसा वारा आत आला. बाहेर कपाशीचं शेत होतं, नुकतं पिवळ्या फुलांवर आलेलं, आणि त्याच्यापलीकडं माळावर चरणारी गुरं, इतकी लांब की ती चालतायत की जागेवरच विरघळतायत, ते कळत नव्हतं. रंगूबाई गजाला धरून उभ्या राहिल्या. माहेरी धनजला त्यांच्या खाटेपाशी अशीच एक खिडकी होती, असं त्या म्हणाल्या. मग, "पाटलाले नाई सांगतलं कधी. सांगाची गोष्टच वाटली नाई."

सामान आणायला दोघी बसनं मंगरूळपीरला गेल्या. एकाच बाकावर बसल्या, कारण बसमध्ये दुसरी जागा नव्हती. तो दिवस विमलबाईच्या मनात नंतर फार वर्षं राहिला, एखाद्या दुसऱ्याच बाईच्या आयुष्यातला दिवस असावा तसा. दर्ग्याजवळच्या गल्लीत एक म्हातारे मियांभाई खुर्च्या विणत. त्यांच्या दुकानात वेताची एक रुंद आरामखुर्ची पडून होती, कुणी दुरुस्तीला टाकून परत नेलीच नव्हती. विमलबाईनं तिच्या हातावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

"क्या देख रही है बाई?" मियांभाईंनी विचारलं.

"हे खुर्ची कोनाची वाट पाहून राह्यली, ते पाहतो."

म्हातारा हसला. "तो ले जाव. बहोत साल से देख रही है."

कापडाच्या दुकानात बाळापूरची एक सतरंजी मिळाली, राखाडी अंगावर गेरूच्या रंगाचे पट्टे, पावसानंतरच्या वावरासारखी. मण्यांचा पडदा रंगूबाईंनीच शोधला. काचेचे मणी, मधासारखे. त्या पडद्यातून चार वेळा आत-बाहेर झाल्या आणि लहान पोरीसारख्या हसल्या. झगमगीत प्लास्टिकची फुलं दुकानदारानं पुढं केली तर विमलबाई म्हणाली, "नोको. हे तुमच्या घरचे नाईत." रंगूबाईंनीही ती मुकाट्यानं खाली ठेवली.

बस स्टँडवर भूक लागली म्हणून विमलबाईनं भजी घेतली. कागद दोघींच्या मध्ये ठेवला. बोलता बोलता रंगूबाईंनी एक भजं तोंडात टाकलं, आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं. हात कागदावर तसाच राहिला. विमलबाई दुसरीकडं, बसच्या पाटीकडं पाहत राहिली. हे बाईंचं बाईंनीच ठरवायचं होतं. थोड्या वेळानं कागद पुन्हा कुरकुरला.

"मिरचीचं तूच खाय," रंगूबाई म्हणाल्या. "मले सोसत नाई."

पुढले दोन दिवस घर लावण्यात गेले. शोकेसातल्या अकरा बाहुल्या पेटीत गेल्या, एक राहिली. चार कॅलेंडरं उतरली. धान्याच्या खोलीत कोंबलेल्या रंगूबाईंच्या जुन्या गोधड्या बाहेर आल्या, त्यांतली एक, माहेरच्या लुगड्यांची, पलंगावर पसरली. वेताची खुर्ची खिडकीपाशी गेली. कुठली वस्तू कुठं हे विमलबाई सांगायची नाही. ती वस्तू हातात घेऊन खोलीत फिरायची आणि एका जागी आपोआप थांबायची.

चौथ्या दिवशी दुपारी काम संपलं. रंगूबाई म्हणाल्या, जरा पडून पाहते. पडल्या आणि झोपल्या. खिडकीतून कपाशीचा वारा येत होता. मण्यांचा पडदा हलकेच किणकिणत होता. विमलबाई सतरंजीवर बसली होती. आता निघायला हवं हे तिला कळत होतं, पण खोली जशी डोळ्यांपुढं आली होती तशीच समोर उभी होती, आणि तिला तिथून उठवेना.

तेवढ्यात रामराव आले. एक दिवस आधीच. पडदा बाजूला सारून आत आले आणि थबकले. खोली त्यांचीच होती, पण ओळखू येईना. सतरंजीवर बसलेली बाई पुऱ्यातली होती, इंद्रभानाची.

"कपाट कुठं गेलं?" त्यांचा आवाज चढला. "आन तू इथी कशी?"

विमलबाई उठून उभी राहिली. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि पलंगाकडं दाखवलं.

रामरावांनी बायकोकडं पाहिलं. त्या कुशीवर वळून, गालाखाली हात घेऊन झोपल्या होत्या. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांना असं झोपलेलं पाटलांनी पाहिलं होतं की नाही, कोण जाणे. गेले तीन महिने तर रात्री केव्हाही कूस बदलावी, तर त्या उठून बसलेल्याच दिसत. ते हळूच वेताच्या खुर्चीत टेकले. त्यांचा घसा उन्हानं सुकला होता.

"पानी," ते सवयीनं म्हणाले.

घरात दुसरं कुणी नव्हतं. माठ दारापलीकडं होता. विमलबाई जागची हलली नाही.

"मी देऊ काय?" तिनं विचारलं.

रामराव खिडकीबाहेर पाहत होते. स्वतःच्याच शेताकडं, घरात बसून, पहिल्यांदा. ते उठून स्वतः पाणी घेऊ शकले असते. उठायला हात टेकलाही त्यांनी. मग तो हात तसाच खुर्चीवर राहिला.

"दे," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "हळू. भांडं वाजवू नको."

तिनं माठातलं पाणी दिलं. ते प्यायले. त्यावर ते त्या दिवशी काही बोलले नाहीत, नंतरही कधी बोलले नाहीत. सोफ्यावरचं प्लास्टिक मात्र त्यांनी काढू दिलं नाही, आणि समोरच्या बैठकीत ते आणखी वर्षभर करकरत राहिलं.

विमलबाई संध्याकाळी समोरच्या दारानंच निघाली. भाऊसिंगनं गेल्या साली ठेवलेल्या कापसाचं गाठोडं तिच्या डोक्यावर दिलं, बाईंनी सांगून ठेवलं होतं म्हणाला. घरी इंद्रभान नुकताच आला होता.

"पाटील आले म्हनते आज. काय म्हनलं त्यायनं?"

"पानी मांगतलं," ती म्हणाली.

इंद्रभाननं बूट काढता काढता मान वर केली. तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग गाठोड्याला हात लावून म्हणाला, "गादी होईन ह्याची. चांगली जाड." पण विमलबाईचं लक्ष नव्हतं. चुलीत काटक्या सरकवता सरकवता तिचा हात थांबला होता, आणि डोळ्यांपुढं कुणाची तरी, अजून न पाहिलेली, उत्तरेकडं दार असलेली एक खोली हळूहळू उजळत होती.