फाल्कनवरचं ओझं

एलिसेओ जन्मला तेव्हा त्याचं नाक कुणावर गेलंय, हे आमच्याकडे कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की हा फोर्डचा की शेवरोलेचा? पंपासच्या सपाट मैदानावरच्या आमच्या गावात, मोटारशर्यतीत कुठल्या गाडीच्या बाजूचं, यावरून घराघरांत हीच वाटणी आहे. माझं माहेर फोर्डचं, सासर शेवरोलेचं. लग्नाच्या जेवणाला दोन्हीकडची मंडळी अंगणाच्या दोन टोकांना बसली होती आणि मी नवे बूट घालून मधल्या मध्ये येरझाऱ्या घालत होते.

बाप्तिस्म्यानंतर चर्चच्या दारात फोटो काढतात, त्या फोटोत बाळाच्या डोक्यावर टोपी कुठली, फोर्डची निळी की शेवरोलेची सोनेरी, यावरून पुन्हा तेच. बाबांनी सांगून टाकलं, "सोनेरी टोपी घालणार असाल तर मला बोलावू नका."

लाउतारो, माझा नवरा, हसत म्हणाला, "सासरेबुवा, भांडण कशाला? खेळूनच ठरवू. माझ्या शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये तुमची फोर्ड फाल्कन, माझी शेवी. हरेल त्यानं जिंकणाऱ्याची टोपी आपल्या हातानं बाळाला घालायची."

"आणि रस्ता?"

"रस्ता मी निवडणार. घाट."

बाबांनी 'हो' म्हणायला क्षणाचाही वेळ घेतला नाही. जन्मभर धान्याचा ट्रक चालवलेला माणूस. घाट काय नि सपाटी काय, चाक ते चाकच.

मग ते रोज दुपारी येऊ लागले. सगळं गाव झोपलेलं असायचं, लाउतारो कामावर. मी एलिसेओला पाजत बसायची आणि बाबा जेवणाच्या टेबलाला जखडलेलं खेळातलं स्टिअरिंग धरून पडद्यासमोर. पहिल्या दुपारी गेमनं दिलेली साधी, उघडीवाघडी निळी फाल्कन त्यांनी घाटातून अशी काही उतरवली, की मी बाळाचा ढेकर काढायची विसरले. खाली पोचल्यावर टाळ्या वाजवून म्हणाले, "बघ, आजोबा अजून जिवंत आहेत!"

पण शर्यती खेळल्या की गुण मिळतात आणि गुणांवर सामान घेता येतं. बाबांनी सगळ्यात आधी सगळ्यात मोठं इंजिन घेतलं. आमच्याकडचा कुणीही तेच घेईल. आमचे रस्ते म्हणजे आकाशापर्यंत ओढलेली सरळ रेघ. गाडी चांगली म्हणजे त्या रेघेवर जोरात पळणारी, एवढंच आम्हाला माहीत. मग इंजिनाला जोर देणारा टर्बो आला, मग रुंद टायर, मग मागे पंख. प्रत्येक वस्तूवर बाबा हात चोळायचे आणि प्रत्येक वस्तूनंतर फाल्कन घाटात आणखी मागे पडायची. ते वजनदार इंजिन नाकावर बसलेलं, त्यामुळे वळणावर नाक आत येईना. टर्बोचा धक्का उशिरा यायचा, नेमका वळणाच्या पोटात, की मागची चाकं बाहेर आणि गाडी कठड्यावर.

बाबांना ते इंजिनाचं दिसलं नाही. त्यांना स्वतःचे हात दिसले.

एके दुपारी ते स्टिअरिंग सोडून खुर्चीत मागे रेलले. "मिका, माझे हात गेले गं. गाडी एवढी भारी आणि मी तिला वळवू शकत नाही." दोन्ही तळवे गुडघ्यांवर उलटे पडलेले. एलिसेओ झोपेत असेच ठेवतो. त्यांना टोपीचं दुःख असतं तर मी चेष्टा केली असती. हे दुसरंच होतं.

माझ्या सासूबाई, एल्विरा, तेवढ्यात मागच्या दारानं आल्या. झोप येत नाही म्हणून येर्बाच्या पानांच्या चहाचा तुंबा आणि गरम पाण्याचा थर्मास घेऊन त्या पुष्कळदा यायच्या, कोपऱ्यात बसून नळीनं कडू घोट घ्यायच्या, पडद्याकडे बघायच्या. शत्रुपक्षाच्या, म्हणून बाबा त्यांच्याशी मोजकंच बोलत. आज त्यांनी तुंबा भरून बाबांसमोर धरला.

"घ्या, व्याही. आणि एक विचारू? डोंगरावर कपाट घेऊन का जाताय?"

"कसलं कपाट, विहीणबाई?"

"ते इंजिन. तो पंख. मी डोंगरातली. माझे वडील कोर्दोबाच्या पलीकडच्या घाटात सामानाची गाडी हाकायचे. पायथ्याला अर्धा माल उतरवायचे, आधी अर्धा वर नेऊन टाकायचा, मग उरलेला. सपाटीची माणसं हसायची त्यांना. हसणाऱ्यांच्या गाड्या मग दरीतून काढायला यायचे तेच."

बाबांनी नळीनं एक घोट घेतला.

"पहिल्या दिवशी तुम्ही साध्या गाडीनं जे केलंत ना," सासूबाई म्हणाल्या, "ते मी दारातून बघितलंय. आमच्या लाउतारोला ते जन्मात जमायचं नाही. हात कुठे गेले नाहीत तुमचे. ओझं काढा."

"हे मला कशाला सांगताय? तुमचा मुलगा हरेल."

"हरू दे की. पायात बेडी घातलेल्या माणसाला हरवून आणलेली टोपी माझ्या नातवाला नको."

मी सासूबाईंकडे बघतच राहिले. सासर शेवरोलेचं आहे म्हणून घरातले पडदेसुद्धा सोनेरी लावणारी ही बाई.

बाबांनी पंख काढला, तो सहज. टायर, टर्बोही काढले. इंजिनाशी मात्र बोट थांबलं. सगळ्यात मोठं फोर्ड इंजिन स्वतःच्या हातानं उतरवायचं! "कुणाला सांगू नका," असं पुटपुटत त्यांनी ते उतरवलं आणि जुनं, लहान इंजिन परत बसवलं. मग घाट. फाल्कन पहिल्या वळणात आत शिरली तशी त्यांच्या खांद्यातून काहीतरी सुटलं, ते मला पाठीमागूनही दिसलं.

शनिवारी अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजून झालं, जेवणं झाली आणि सगळे पडद्यासमोर जमले. लाउतारोनं सासऱ्यांच्या धास्तीनं आदल्याच दिवशी शेवीला टर्बो चढवला होता. सासूबाईंनी ते ऐकलं आणि तुंब्यात पाणी ओतत राहिल्या.

सुरुवातीच्या सरळ पट्ट्यावर शेवी सुसाट पुढे गेली. "सासरेबुवा, हात हलवू का मागे वळून?"

"हलव, हलव. पण वळण आलं की दोन्ही हात चाकावर ठेव, जावईबापू."

वळण आलं. शेवीचा धक्का उशिरा आला, शेपूट सरकली, आणि निळी फाल्कन आतल्या कडेनं मांजरासारखी निघून गेली. खालच्या पट्ट्यावर लाउतारोनं पुन्हा गाठलं. पुढच्या वळणांत बाबांनी पुन्हा मागे टाकलं. ते ब्रेक फार लवकर दाबायचे, जवळजवळ आळशीपणानं, आणि मग चाक एकदाच फिरवायचे. दुरुस्ती नाही, झटापट नाही. त्या हातांनी मला सायकल शिकवली होती, तेव्हाही ते असेच कमी हलायचे. शेवटच्या उतारावर शेवी कठड्याला घासली आणि फाल्कन एकटीच खाली आली.

लाउतारोनं त्यांना मिठी मारली. "कुठलं इंजिन लावलंत, सांगा तरी!"

बाबांनी सासूबाईंकडे पाहिलं. "आहे एक," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या दारात लाउतारो पैजेप्रमाणे हात पुढे करून उभा राहिला. "आणा ती निळी टोपी." बाबांनी ती बाहेर काढली, एलिसेओच्या बाप्तिस्म्याच्या पाण्यानं अजून ओल्या डोक्यावरच्या चार केसांकडे पाहिलं, बोटानं ते सारखे केले.

"राहू दे," ते म्हणाले. "आत्ताच कशाला त्याच्यावर काही चढवायचं? आधी पळू दे पोराला."

फोटोत एलिसेओ उघड्या डोक्यानं जांभई देतोय. बाबा ताठ उभे आहेत आणि त्यांच्या कोटाच्या खिशातून निळ्या कापडाचा एक कोपरा बाहेर आलाय.

सासूबाई फोटो बघून म्हणाल्या, "व्याही, दिसतोय बरं का कोपरा."

"दिसायलाच ठेवलाय, विहीणबाई."