तोमेआजीचं छप्पर

२०१८ साल, जानेवारी संपत आलेला, थंडीचा ऐन जोर. मी एक छोटा पांढरा ट्रक बोलतोय. पुढे दोन माणसांची जागा, मागे उघडा हौदा, आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने खाल्लेलं पोट. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. आमच्या जातीत ते म्हातारपण. आज मी चालत नाही. सफरचंदांच्या बागेच्या कडेला उभा आहे, हौद्यात लोक रिकाम्या पेट्या ठेवतात. त्याचं मला काही वाटत नाही. लोखंडाला सवय असते.

माझा पहिला मालक नारिता. जपानातल्या अकिताच्या डोंगरातला बागवाला. तो गेला तेव्हा त्याच्या मुलाने मला गॅरेजात विकलं, आणि गॅरेजवाल्याने एका परदेशी जोडप्याला. नवरा दुआर्त, बायको तेल्मा, दोघं पोर्तुगालची. तो तिथल्या कारखान्यात यंत्रं बसवायला आला होता. ती घरात रॉकेलच्या शेगडीजवळ बसून असायची. आठवडाभर मी दारात बर्फाखाली, ती आत. दोघांना सारखंच गार.

शनिवार आला की दुआर्त शिट्टी वाजवत येई, मला झाडून काढी. "चल, आज गोठलेल्या तळ्यावर मासे पकडू." नाहीतर, "चल, गरम झऱ्यात अंघोळ करू." ती टोपी ओढून बसायची.

"पाय गार पडलेत का गं?" तो विचारी.

"माहीत नाही," ती म्हणे. "आहेत एवढं दिसतंय."

त्या शनिवारी ती दोघं वरच्या गरम झऱ्याला आली. वाटेत एक वस्ती लागते. बरीच घरं बंद, तीन-चारांतून धूर निघतो. पहिल्याच घरापाशी उतारावर दुआर्तने मला उभं केलं आणि हातब्रेक ओढला, करकचून. उबदार देशातल्या माणसांची ही खोड. आमच्याकडे थंडीत कोणी हातब्रेक ओढत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवतात, चाकाखाली दगड लावतात. ओढलेली तार पाणी धरते आणि गोठून बसते. मला हे ठाऊक होतं. पण मला विचारतो कोण?

वर झऱ्यापर्यंत चालत जाऊन, अंघोळ करून दोघं सकाळीच परतली. चाकं हलेनात. दुआर्तने इंजिन ओरडवलं. घराचं दार करकरत उघडलं आणि कमरेत वाकलेली एक म्हातारी किटली घेऊन बाहेर आली. ही तोमेआजी. एकटी राहायची.

"कोणी ओढला ब्रेक?"

"मी," दुआर्त म्हणाला. "उतार आहे म्हणून."

"उतार आहे तर दगड लावायचा. ब्रेक ओढणारा बर्फाला जेवायला बोलावतो. सरक बाजूला."

ती बर्फात पाठ टेकून माझ्या पोटाखाली शिरली. थोडं थोडं कोमट पाणी ओतायचं आणि पुन्हा गोठायच्या आत तारेवरचा बर्फ बोटांनी काढायचा, असं ते काम. दुआर्त आडवा होऊ लागला तर म्हणाली, "तुझं अंग या फटीत मावत नाही. पाणी आण." हातमोजे भिजले तेव्हा तिने काढून टाकले. बाकीचा सारा दिवस त्यात गेला. चाकं सुटली तेव्हा तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मेणासारखी पांढरी झाली होती.

"दुखतंय का?" तेल्माने विचारलं.

"नाही. म्हणूनच वाईट," म्हातारी म्हणाली आणि आत गेली.

ती दोन बोटं पुढे वळली नाहीत.

पुढच्या शनिवारी ती दोघं मिठाईचा सुबक डबा घेऊन आली. तोमेआजीने वाकून दोन्ही हातांनी तो घेतला, आत गेली, आणि धुरावर वाळवलेल्या मुळ्याची जुडी आणून तेल्माच्या हातात ठेवली. त्यापुढच्या शनिवारी तेल्माने लोकरीची शाल नेली. परतताना माझ्या हौद्यात तांदळाची गोणी होती. मग यांनी चहाचा डबा नेला, तिने पर्सिमनची सुकवलेली फळं दिली. वर एक मातीचं भांडंही.

"तळं राहिलं, झरा राहिला," तेल्मा म्हणाली. "आपले सगळे शनिवार या बाईच्या दारात जातायत. आणि दर वेळी आपणच जास्त घेऊन परततोय."

"पुढच्या वेळी मोठं काहीतरी नेऊ."

"तू मेंढी नेलीस तर ती बैल देईल."

अंगणात उभा राहून मी वर बघायचो. छपरावरचा बर्फ माणसाच्या उंचीएवढा झाला होता. खालचे खांब कण्हायचे. वरच्या ओझ्याने घराचं सरकतं दार आता एका हाताने सरकत नव्हतं, तोमेआजी खांदा लावायची. वस्तीतल्या बाकीच्या राहत्या घरांची छपरं मोकळी होती. हिचंच तसं होतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुआर्त भलंमोठं खोकं घेऊन उतरला. शेजारचा सासामोरी कुंपणाशी उभा होता. ऐंशीचा, पण काठीसारखा ताठ.

"काय हो पाहुणे, आज काय? सोन्याची कोंबडी?"

"विजेची चादर आहे. आजींना ऊब मिळेल."

"चादर घेऊन निजेल आणि छप्पर अंगावर घेईल. डोळे आहेत ना? वर बघा."

दोघांनी वर बघितलं.

"सोमवारी तिचा मुलगा येतोय तोक्योहून. छप्पर असंच दिसलं तर घराला कुलूप लावून तिला घेऊन जाणार. तसं सांगितलंय त्याने. तिथे ती महिनाभर जगायची नाही."

"मग तुम्ही लोक चढत का नाही?" तेल्माने विचारलं. तिचा आवाज चढला होता.

"मी म्हटलं, चढतो. म्हणाली, परत काय देऊ? आमच्यात छपराचं काम उसनं असतं, बाई. मी एक दिवस तिच्याकडे राबलो, की ती एक दिवस माझ्याकडे राबणार. त्या बोटांनी तिला फावडं धरता येत नाही. देता येणार नाही ते ती घेत नाही. हट्टी आहे. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं."

"आम्ही इतकं काही देतोय..."

"वस्तूला वस्तू परत मिळते, मिळाली ना तुम्हाला? ती तुमच्यासाठी एक दिवस बर्फात पडली होती. तो दिवस तुमच्याकडे आहे. मागणार नाही ती, मेली तरी."

 तेल्माने नवऱ्याच्या हातातलं खोकं घेऊन माझ्या हौद्यात परत ठेवलं आणि सासामोरीच्या ओसरीवरचं फावडं उचललं.

ती छपराला टेकवलेल्या शिडीच्या मध्यावर असताना तोमेआजी बाहेर आली.

"उतर खाली! पाहुण्यांनी छपरावर चढायचं नसतं."

"पाहुणी नाही," तेल्मा तुटक जपानीत म्हणाली. "तुमचा एक दिवस माझ्याकडे आहे."

 तोमेआजीने सासामोरीकडे बघितलं. तो आभाळ बघत होता.

"कमरेला दोर बांध," ती म्हणाली. "कडेला पाय नको. वरून खाली ये, बर्फाचे चौकोन काप. असं भोसकतेस काय, तो मासा आहे का?"

दिवसभर वरून चौकोन पडत होते. दुआर्त ते माझ्या हौद्यात भरी आणि मी ते नदीत नेऊन टाकी. किती खेपा झाल्या, मी मोजल्या नाहीत. माझ्या स्प्रिंगा बसल्या, कुरकुरलो नाही. दुपारी तेल्माच्या हातातून फावडं गळून पडलं. बोटं मिटत नव्हती. तिने ती तोंडात धरून गरम केली, खाली आलेलं फावडं दोराने वर ओढून घेतलं आणि पुन्हा लागली.

अंधारायच्या आत छपराचे पत्रे दिसू लागले. तोमेआजीने दाराला एक हात लावला. दार सरकलं. ती आत गेली, फोनवर बोलल्याचं ऐकू आलं, "येऊ नकोस. छप्पर मोकळं आहे. हो, म्हटलं ना, मोकळं आहे."

मग ती बाहेर आली. दोघं माझ्याजवळ उभी होती. या वेळी तिच्या हातात मुळा नव्हता, तांदूळ नव्हता, काहीच नव्हतं.

"फिटलं," ती म्हणाली.