बाप धावला ते क्रियापद

दत्तोपंतांचं ख्रिस्ती कीर्तन म्हटलं की कसबा बावड्यातल्या चर्चचा हॉल भरायचा. पेटीवर त्यांची बायको, शाहूवाडीकडच्या विमलाबाई. त्या रविवारी आख्यान येशूनं सांगितलेल्या उधळ्या पुत्राचं होतं, घर सोडून गेलेल्या आणि सगळं गमावून परत आलेल्या पोराचं, आणि पंत आपल्या लाडक्या क्रियापदापाशी आले होते.

"स्प्लांख्निझोमाय. मूळ ग्रीक. पोराला लांबून बघून बापाला काय झालं? कळवळा आला म्हणणं फार सभ्य झालं, मंडळी. या क्रियापदात आतडी आहेत. बापाचं आतडं तुटलं, आणि तो धावला."

माना डोलल्या. 'आतडं तुटलं' हा शब्द विमलाबाईंचा होता. सहा वर्षांमागं लेक मोना बापाच्या मनाविरुद्ध लग्न करून चंदगडला गेली, तेव्हा त्या स्वयंपाकघरात बसून म्हणाल्या होत्या, "आतडं तुटतंय वो माजं." पंतांनी लगेच वही काढून ते टिपून घेतलं. लेकीला मात्र एक फोन केला नाही.

विमलाबाईंची नजर वर गेली, तर दारात मोना. हातात पिशवी, गळ्यात काही नाही. चपला काढून ती उंबऱ्याबाहेरच उभी, बापाकडं बघत.

पंतांनीही पाहिलं. चिपळ्या क्षणभर थांबल्या. मग तबल्याकडं वळून त्यांनी धृपद पुन्हा उचललं, "धावला, बाप धावला." आख्यान अर्धं टाकून कीर्तनकारानं जागा सोडायची नसते, हे त्यांनी जन्मभर पाळलेलं. विमलाबाई उठणारच होत्या. पण सूर तुटेल म्हणून डावा हात भात्यावरच राहिला. धृपद तीनदा झालं. चौथ्यांदा दार रिकामं होतं.

प्रार्थना संपताच त्या बाहेर पळाल्या. कोपऱ्यावरचा रिक्षावाला म्हणाला, "पावणी व्हय? स्टँडवर गेली की. चंदगडची यष्टी सुटली बी आसंल."

फोन लागला नाही.

घरी पंत म्हणाले, "थांबली असती तर काय बिघडत होतं? दहा मिनिटांचं तर आख्यान राहिलं होतं."

"त्यो बाप आख्यान संपवून धावला व्हय?"

पंतांनी वही उघडून पानं चाळली. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी शाहूवाडीत हेच लावलंय."

"लावा की. पर आतडं माजं हाय, ते घालू नगासा."

"मग काय म्हणू?"

"कळवळाच म्हणा. तुमास्नी तेवढाच झेपतोय."

एवढं बोलून विमलाबाई आत गेल्या. भात्यावर राहिलेला डावा हात मात्र कितीतरी वेळ पदराला पुसत राहिल्या.